मनगटातून हृदयापर्यंत : अँजिओग्राफीनंतरचे विरळ धमनी-उपद्रव आणि आपले कर्तव्य

नाडीपरीक्षेचे स्थान म्हणून अंगुष्ठमूलाचा निर्देश शार्ङ्गधरसंहितेने केला आणि पुढे भावप्रकाश, योगरत्नाकर आदी ग्रंथांनी त्या परीक्षेचा विस्तार केला, हे या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा हात पाहण्याची परंपराही सर्वश्रुत आहे. ज्या धमनीवर आपण तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ठेवतो, तिला शारीराच्या परिभाषेत बहिःप्रकोष्ठीय धमनी म्हणतात. रुग्णालयाच्या बोलीत तीच रेडिअल आर्टरी. गेल्या तीन दशकांत या धमनीकडे आणखी एक काम आले आहे. हृदयाच्या धमन्यांची तपासणी म्हणजे अँजिओग्राफी आणि त्यांतील अवरोध दूर करणारी अँजिओप्लास्टी, या दोन्ही क्रिया आज मोठ्या प्रमाणावर याच धमनीतून, आणि बहुधा उजव्या मनगटातून, केल्या जातात.

अर्थात ज्या जागी हृदयरोगतज्ज्ञाची नळी आत शिरते, त्याच जागी काही दिवसांनी वैद्याची बोटे टेकतात. या योगायोगातून एक जबाबदारी निर्माण होते आणि तिचा विचार करणे हेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. मनगटातून केलेल्या क्रियेनंतर धमनीचे गंभीर उपद्रव क्वचितच होतात. परंतु जेव्हा होतात, तेव्हा ते ओळखण्याची पहिली संधी अनेकदा गावातील वैद्याला मिळते आणि ते बिघडविण्याची संधीही त्यालाच मिळते. या दोन्ही गोष्टींची जाणीव आपणांस असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आपल्या जिल्ह्याची परिस्थिती

वर्धा जिल्ह्यात वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. सेवाग्राम येथे १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था कार्यरत आहे. सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व त्याला संलग्न आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर नागपूर आहे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ साली राज्यभर लागू झाली. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. या योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश असल्याने एकेकाळी शहरी सधन वर्गापुरता असलेला हा उपचार अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या आवाक्यात आला, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि या सोयीची एक दुसरी बाजू आहे. मांडीच्या धमनीतून क्रिया होत असे तेव्हा रुग्णाला बराच वेळ पाय सरळ ठेवून पडून राहावे लागे. मनगटातून क्रिया झाल्यास तो थोड्याच वेळात उठून बसतो आणि केवळ अँजिओग्राफी झाली असेल तर अनेकदा त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी परततो. म्हणजे उपद्रवाचे पहिले लक्षण दिसण्याची वेळ येते तेव्हा रुग्ण रुग्णालयात नसतो. तो आष्टी वा समुद्रपूर तालुक्यातील आपल्या घरी असतो. हात दुखू लागला, सूज आली, मुंग्या येऊ लागल्या की तो प्रथम जवळच्या औषधी दुकानात जातो, नाहीतर आपल्या दवाखान्यात येतो. पुन्हा शहराच्या रुग्णालयात जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचे बसभाडे. वेचणीच्या दिवसांत तर तो खर्च अधिकच जड वाटतो. म्हणून या विषयाची माहिती तज्ज्ञांपुरती मर्यादित राहून चालणार नाही.

मार्ग मनगटाकडे कसा वळला

जर्मनीतील वर्नर फोर्समन यांनी १९२९ साली स्वतःच्याच कोपराजवळील सिरेतून हृदयापर्यंत नळी नेली, तेथून या शास्त्राचा आरंभ मानला जातो. बहिःप्रकोष्ठीय धमनीतून नळी नेण्याचा प्रयत्न स्वीडनमधील स्टिग राडनर यांनी १९४८ साली केला होता. परंतु तत्कालीन साधने जाड असल्याने तो मार्ग मागे पडला. १९८९ साली कॅनडातील ल्यूसिएँ कांपो यांनी मनगटातून केलेल्या शंभर अँजिओग्राफींचा अनुभव प्रसिद्ध केला. १९९२ साली ॲम्स्टरडॅम येथील फर्डिनांड किमनेय यांनी याच मार्गाने अँजिओप्लास्टी केली. भारतात या पद्धतीच्या प्रसारात अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

हा मार्ग लोकप्रिय होण्याचे कारण केवळ रुग्णाची सोय हे नव्हे. मांडीची धमनी खोल असते. तेथील रक्तस्राव पोटामागील पोकळीत शिरला तर बाहेरून कळत नाही आणि प्राणावर बेततो. मनगटातील धमनी त्वचेलगत आणि अस्थीवर टेकलेली असल्याने बोटाच्या दाबानेही रक्त थांबविता येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'रायव्हल' या अभ्यासात ३२ देशांतील ७०२१ रुग्णांची तुलना करण्यात आली. मोठा रक्तसंचय मनगटाच्या गटातील ३५०७ रुग्णांपैकी ४२ जणांत, तर मांडीच्या गटातील ३५१४ रुग्णांपैकी १०६ जणांत आढळला. उपचार करावा लागेल असा आभासी धमनीविस्फार मनगटाच्या गटात ७ आणि मांडीच्या गटात २३ जणांना झाला.

हे आकडे आम्ही आरंभीच देत आहोत, त्यामागे हेतू आहे. पुढील विवेचन वाचून कोणी रुग्णास अँजिओग्राफीपासून परावृत्त करू नये. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला भीती घालणे हा उपचार नव्हे. मार्ग सुरक्षित आहे. परंतु सुरक्षित मार्गावरही एखादा अपघात होतो आणि तो वेळीच ओळखावा लागतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मनगटात नेमके काय घडते

प्रथम त्वचा बधिर करून बारीक सुईने धमनीचा वेध घेतात. सुईतून तार आणि तारेवरून प्लास्टिकची आवरणनळी धमनीत बसवितात. तिच्यातून लांब नळी बाहवी धमनी, खांदा आणि महाधमनी असा प्रवास करीत हृदयधमनीच्या मुखाशी पोहोचते. नेहमी वापरली जाणारी सहा क्रमांकाची नळी दोन मिलिमीटर व्यासाची असते आणि तिला सामावणारी आवरणनळी त्याहून थोडी जाड असते. बहिःप्रकोष्ठीय धमनीचा आतील व्यास बहुतेकांत दोन ते तीन मिलिमीटर असतो. स्त्रिया, कृश व्यक्ती आणि मधुमेही यांच्यात तो आणखी कमी असू शकतो. म्हणजे धमनी आणि नळी यांत फारसे अंतर उरत नाही. धमनीच्या भित्तीत मांसल थर असल्याने स्पर्शाने ती आकुंचन पावते. हा संकोच टाळण्यासाठी नायट्रोग्लिसरीन, व्हेरापामिल वा डिल्टियाझेम ही द्रव्ये देतात. गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन देतात. क्रिया संपल्यावर नळी काढून मनगटावर हवेने फुगणारा पट्टा बांधतात आणि काही तासांत तो क्रमाने सैल करतात.

पुढील सर्व उपद्रवांचे मूळ या वर्णनात आहे. धमनी अरुंद आहे, तिच्या आतील अस्तराला घर्षण झाले आहे, तिला छिद्र पडले आहे, ती काही काळ बाहेरून दाबली गेली आहे आणि रुग्णाचे रक्त औषधांनी सहज न गोठणारे केले आहे. अवरोध आणि स्राव असे दोन परस्परविरुद्ध धोके एकाच जागी एकत्र आले आहेत. या दोहोंचा तोल सांभाळणे हेच या क्रियेनंतरच्या काळजीचे सार आहे.

मर्मविचाराच्या प्रकाशात

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात १०७ मर्मांचे वर्णन केले आहे. त्यांपैकी मणिबंध हे संधिमर्म असून परिणामाच्या दृष्टीने ते रुजाकर वर्गात येते. त्याच्या आघाताने हाताला कुंठता येते असे सांगितले आहे. प्रकोष्ठाच्या मध्यावरील इंद्रबस्ती या मर्माच्या वेधाने शोणितक्षय होऊन मृत्यू येतो, तर दंडातील उर्वीच्या वेधाने शोणितक्षयामुळे बाहू शुष्क होतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये क्षिप्र मर्म आहे. २०१७ साली किमनेय यांनी अंगठ्याच्या मुळाशी हाताच्या मागील बाजूच्या खळग्यातून, म्हणजे या मर्माच्या निकटच्या प्रदेशातून, धमनीत प्रवेश करण्याची पद्धत पुढे आणली. अशा रुग्णांत वेधाची खूण मनगटाच्या पुढील बाजूस न दिसता हाताच्या पाठीवर दिसेल, हे ध्यानात ठेवावे.

प्राचीन मर्मवर्णन आणि आजचा उपद्रव यांची ओढूनताणून एकरूपता दाखविण्याचा आमचा आग्रह नाही. सुश्रुतांपुढे शस्त्राघाताचे रुग्ण होते, नळीचे नव्हेत. परंतु मनगटापासून दंडापर्यंतच्या प्रदेशात रक्तवाहिनीचा वेध झाल्यास वेदना, विकलता, शोष आणि शोणितक्षय संभवतो, हा मूळ सिद्धांत आजही तसाच लागू पडतो. मनगट ही जागा लहान असली तरी तेथील इजेकडे तुच्छतेने पाहू नये, हा त्यातील बोध.

उपद्रव आणि त्यांचा काळ

उपद्रव ओळखण्यास सर्वांत उपयोगी प्रश्न म्हणजे ‘क्रिया होऊन किती दिवस झाले?’ म्हणून येथे कालानुसार विवेचन केले आहे.

१. पहिला दिवस : प्रकोष्ठातील रक्तस्राव. वेधाच्या जागेभोवती थोडी निळसर छटा येणे ही सामान्य गोष्ट आहे. त्वचेखालील हे निळेपण दोनतीन आठवड्यांत हिरवट-पिवळे होत नाहीसे होते. परंतु कधी तारेच्या टोकाने मनगटापासून दूर, प्रकोष्ठात वा दंडात, धमनीची बारीक शाखा फाटते. तेव्हा मनगट कोरडे दिसते आणि सूज मात्र वर चढत जाते. तज्ज्ञ या रक्तसंचयाच्या पाच श्रेणी मानतात : पाच सेंटिमीटरपर्यंत पहिली, दहापर्यंत दुसरी, त्याहून पुढे पण कोपराच्या खाली तिसरी, कोपराच्या वर चौथी आणि हाताचा रक्तपुरवठाच धोक्यात आला तर पाचवी. सूज किती आहे याइतकेच ती वाढत आहे काय, हे महत्त्वाचे. पेनाने सुजेची सीमा आखून अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. सीमा ओलांडली असेल तर रुग्णास थांबवून ठेवू नये.

२. पहिला दिवस : कंपार्टमेंट सिंड्रोम. हा सर्वांत विरळ आणि सर्वांत भयंकर उपद्रव होय. प्रकोष्ठातील पेशी ताठर कलांच्या कप्प्यांत बसविलेल्या असतात. त्या कप्प्यात रक्त साचले की आतील दाब वाढतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि पेशी व नाड्या काही तासांत मृत होऊ लागतात. क्विबेक येथे मनगटातून केलेल्या ५१,२९६ क्रियांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा उपद्रव केवळ दोन रुग्णांत आढळला होता. लाखात चार, इतके हे प्रमाण अल्प आहे. परंतु ज्या एकाला तो होतो त्याचा हात कायमचा वाकडा व निरुपयोगी होऊ शकतो. सुजेच्या मानाने अवास्तव वेदना, लाकडासारखा कठीण प्रकोष्ठ, बोटे हलकेच सरळ केली तरी असह्य कळ आणि बधिरता ही लक्षणे आहेत. नाडी नाहीशी होणे हे फार उशिराचे लक्षण आहे. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणारा वैद्य येथे फसतो. कलाछेदनाची शस्त्रक्रिया सुमारे सहा तासांच्या आत होणे इष्ट असते.

३. पहिला दिवस आणि पुढे : धमनीचा अवरोध. हा विरळ नव्हे, तर सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा उपद्रव आहे. ६६ अभ्यासांतील ३१,३४५ रुग्णांचा एकत्र आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या चोवीस तासांत शेकडा ७.७ आणि आठवड्यानंतर शेकडा ५.५ रुग्णांत बहिःप्रकोष्ठीय धमनी बंद झालेली आढळली. करंगळीच्या बाजूची अंतःप्रकोष्ठीय धमनी तळहातातील कमानींतून हाताला रक्त पुरविते, म्हणून बहुतेकांना कोणताही त्रास होत नाही. काहींना मनगटात वेदना, अंगठ्यात अशक्तपणा वा थंडपणा जाणवतो. बोटे काळी पडण्याइतकी रक्तहीनता मात्र अत्यंत विरळ आहे.

मग त्रास नसेल तर चिंता कशाची? उत्तर असे की, ही धमनी पुढे पुन्हा उपयोगी पडणार असते. अँजिओग्राफी पुन्हा करावी लागली तर तो मार्ग बंद झालेला असतो. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत ही धमनी वापरली जाते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात डायलिसिससाठी मनगटात जो जोड तयार करतात तोही हिच्यावर अवलंबून असतो. पट्ट्याचा दाब रक्त थांबेल पण प्रवाह खंडित होणार नाही इतकाच ठेवला तर हा अवरोध टळतो, हे २००८ साली ४३६ रुग्णांच्या अभ्यासाने दाखविले. नेहमीच्या दाबाने एक महिन्यानंतर शेकडा ७ जणांत, तर मोजक्या दाबाने शेकडा १.८ जणांत अवरोध राहिला. अवरोध पहिल्या काही तासांत लक्षात आला तर रुग्णालयात तो उघडण्याचे उपाय करता येतात. महिन्यानंतर ते कठीण जाते.

४. काही दिवस ते काही आठवडे : आभासी धमनीविस्फार. धमनीचे छिद्र नीट न मिटता त्यातून रक्त बाहेरील ऊतींत शिरते आणि तेथे धमनीशी जोडलेली एक पोकळी तयार होते. तिला धमनीची खरी भित्ती नसते, म्हणून आभासी. रक्त पातळ ठेवणारी औषधे, एकाच जागी अनेक वेध, जाड नळी आणि जंतुसंसर्ग ही त्याची कारणे. मनगटावर वाटाण्यापासून लिंबापर्यंत आकाराची गाठ येते. तिला नाडीसमवेत स्पंदन असते आणि श्रवणनलिका ठेवल्यास आत सूं सूं असा ध्वनी ऐकू येतो. आत रक्त गोठले असेल तर स्पंदन जाणवत नाही, त्वचा लाल व उष्ण होते आणि ती गाठ विद्रधीसारखी भासते. येथेच सर्वांत मोठा धोका आहे. विद्रधी समजून तिचा भेद केला तर धमनीच उघडते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात सिराज ग्रंथीचे वर्णन करताना वेदनारहित, अचल, मोठी आणि मर्मस्थानी उद्भवलेली ग्रंथी वर्ज्य सांगितली आहे. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात तर अपक्व शोथाचा छेद करणाऱ्या आणि पक्वाची उपेक्षा करणाऱ्या, अशा दोन्ही वैद्यांची त्यांनी कठोर निंदा केली आहे. मनगटावरील गाठीला शस्त्र लावण्यापूर्वी ‘या हातातून अँजिओग्राफी झाली होती काय?’ एवढा एक प्रश्न विचारणे, ही त्याच उपदेशाची आजची रीत होय. डॉपलर सोनोग्राफीने निदान निश्चित होते. दाब देऊन, थ्रॉम्बिनचे सूचिकाभरण करून वा लहान शस्त्रक्रियेने ती पोकळी बंद करता येते.

५. काही आठवडे ते महिने : धमनी व सिरा यांचा संयोग. सुई शेजारच्या सिरेतूनही गेली असेल तर दोहोंत कायमचा मार्ग राहतो. हाताला सतत थरथर जाणवते, सिरा फुगलेल्या दिसतात, स्पंदनाबरोबर न थांबणारा अखंड घरघर ध्वनी ऐकू येतो. हा उपद्रव अत्यंत विरळ असून अनेकदा सौम्य असतो. तथापि हात सुजत वा दुखत असेल तर शस्त्रक्रिया लागते.

६. दुसरा-तिसरा आठवडा : निर्जंतुक गाठ. आवरणनळीवरील निसरड्या लेपाचे कण त्वचेखाली राहून त्यांभोवती लहान लाल गाठ येते आणि क्वचित पूसदृश स्राव होतो, असे २००० नंतरच्या दशकात लक्षात आले. ही गाठ निरुपद्रवी असते आणि बहुधा आपोआप बरी होते. परंतु ती आणि आभासी विस्फार यांतील भेद केवळ नजरेने करू नये.

नाडी लागते म्हणजे धमनी उघडी आहे काय?

वैद्यांच्या दृष्टीने हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बहिःप्रकोष्ठीय धमनी मनगटाच्या वर बंद झाली तरी तळहातातील कमानींतून रक्त उलट दिशेने येऊन तिचा शेवटचा भाग भरते. बोटांना स्पंदन जाणवते. परंतु ते हृदयाकडून सरळ आलेले नसून करंगळीच्या बाजूने वळसा घेऊन आलेले असते.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. एका हाताची बोटे नेहमीप्रमाणे अंगुष्ठमूली ठेवावीत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने करंगळीच्या बाजूची धमनी मनगटावर घट्ट दाबावी. अंगुष्ठमूलीची नाडी तशीच राहिली तर धमनी उघडी आहे. दाबताच नाडी नाहीशी झाली आणि सोडताच परतली तर तिथला प्रवाह उसना आहे, म्हणजे मूळ धमनी बंद आहे असे समजून डॉपलर तपासणीस पाठवावे. या परीक्षेला अर्धे मिनिटही लागत नाही. अॅलन यांनी १९२९ साली वर्णिलेल्या परीक्षेचेच हे उलट रूप आहे.

यातून नाडीपरीक्षेच्या दृष्टीनेही एक सूचना निघते. ज्या हातातून क्रिया झाली आहे त्या हाताच्या नाडीवरून वेग, बल वा दोषगती यांचा निर्णय करू नये. दुसऱ्या हाताची नाडी पाहावी आणि दोन्हींतील फरक रुग्णपत्रावर नोंदवावा. परंपरेने पुरुषाचा उजवा हात पाहिला जातो आणि क्रियाही बहुधा उजव्याच हातातून होते, म्हणून पुरुष रुग्णांत ही दक्षता विशेष आवश्यक आहे.

काय करू नये

समजा, देवळी तालुक्यातील एक शेतकरी अँजिओप्लास्टीनंतर चौथ्या दिवशी हात दुखतो म्हणून आला. मनगट किंचित सुजलेले, प्रकोष्ठ निळसर. त्याच्या मनात ‘नस आखडली’ ही कल्पना पक्की आहे आणि तेल लावून चोळून द्यावे अशी त्याची अपेक्षा आहे. अशा वेळी आपल्या नित्याच्या उपायांपैकी अनेक उपाय वर्ज्य ठरतात.

अभ्यंग व मर्दन : ताजे छिद्र पुन्हा उघडू शकते, गुठळी सुटू शकते. त्या हाताला निदान महिनाभर मर्दन नको. गाठ वा स्पंदन असेल तर कधीच नको.

स्वेदन, उपनाह, उष्ण लेप : उष्णतेने वाहिन्या विस्फारतात आणि स्राव वाढतो. घट्ट बांधलेल्या पट्टीने अरुंद धमनी मिटते.

रक्तमोक्षण : त्या हातावर सिराव्यध, प्रच्छान वा जलौकावचारण करू नये. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे हिरुडिन असते. रुग्ण आधीच ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल घेत असल्यास शरीरात अन्यत्रही जळवा लावणे धोक्याचे आहे.

अग्निकर्म, विद्धकर्म आणि भेदन : निदान निश्चित झाल्याखेरीज मनगटाच्या परिसरात यांपैकी काहीही नको.

रक्त वाहत असेल तर मात्र वाट पाहू नये. सुश्रुतांनी रक्तस्तंभनाचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय सांगितले आहेत. येथे आपल्या हाती असलेला उपाय म्हणजे स्वच्छ घडी ठेवून वेधाच्या जागेवर बोटांनी थेट दाब देणे आणि हात हृदयापेक्षा उंच धरणे. कोपरावर दोरी वा कापड आवळून बांधू नये. दाब देत असतानाच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

औषधी दुकानदारांसाठी

औषधी दुकानाच्या फळीवर या विषयात तीन प्रसंग येतात. पहिला, रुग्ण निळा पडलेला हात दाखवून विचारतो, ‘रक्त पातळ होण्याची गोळी बंद करू काय?’ याचे उत्तर एकच : स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. स्टेंट बसविल्यानंतर ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीचे क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर वा प्रासुग्रेल अचानक थांबविले तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणघातक हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. मनगटातील रक्तसंचय बहुधा आटोक्यात येतो. स्टेंटमधील गुठळी तेवढा अवसर देत नाही. हा निर्णय केवळ हृदयरोगतज्ज्ञाचा आहे.

दुसरा प्रसंग वेदनाशामकाचा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या चिठ्ठीवाचून मागितल्या जातात. या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या कार्यात अडथळा आणते. शिवाय दुसऱ्या दिवशीची वाढती वेदना ही गोळीने झाकण्याची गोष्ट नव्हे. तिचे कारण शोधावे लागते.

तिसरा प्रसंग आपल्याच औषधांचा. लसूण, हळद, सुंठ ही द्रव्ये आहारातील मात्रेत चालतात. परंतु त्यांचे सांद्र अर्क कॅप्सूलच्या रूपात रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांसोबत देताना संयम हवा. गुग्गुळाविषयी तर प्रत्यक्ष पुरावा आहे. त्याच्या शुद्ध केलेल्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे १९९४ साली मुंबईत झालेल्या अभ्यासात दिसून आले. हृदयरुग्णाला गुग्गुळकल्प देण्यापूर्वी त्याची सर्व औषधे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य दुकानात उच्चारले जाऊ नये, अशी आमची विनंती आहे.

रुग्ण पाठविताना

शंका आली की रुग्णास परत पाठवावे. पण रिकाम्या हाताने नव्हे. चिठ्ठीत पुढील पाच गोष्टी लिहाव्यात : क्रियेची तारीख आणि हात, लक्षण प्रथम केव्हा दिसले, सुजेची सीमा व ती वाढत आहे काय, दोन्ही हातांची नाडी आणि करंगळीच्या बाजूची धमनी दाबल्यावर झालेला बदल, चालू असलेली सर्व औषधे, आपण दिलेल्या कल्पांसह. अशी चिठ्ठी वाचणाऱ्या तज्ज्ञाचा वेळ वाचतो आणि पाठविणाऱ्या वैद्याविषयी आदरही वाढतो.

वाढती सूज, असह्य वेदना, बधिर वा पांढरी पडलेली बोटे यांपैकी काहीही असेल तर त्याच तासाला, स्पंदन असलेली गाठ असेल तर त्याच दिवशी, आणि लक्षणे नसताना केवळ नाडीत फरक आढळला तर त्याच आठवड्यात तपासणी व्हावी, असा क्रम ठेवावा. घरी परतणाऱ्या रुग्णास पहिले दोन दिवस मनगट वाकवू नये, आठवडाभर पाण्याची घागर, कापसाचे गाठोडे वा फवारणीचा पंप त्या हाताने उचलू नये आणि त्या मनगटात घड्याळ, कडे वा बांगडी घट्ट घालू नये, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. बैलगाडीचा कासरा किंवा दुचाकीचा हॅण्डल धरण्याची घाईही नको.

नव्या शास्त्रातील प्रत्येक क्रिया आपण करावी अशी अपेक्षा कोणी केलेली नाही. परंतु त्या क्रियेनंतर गावात परतलेला रुग्ण आपला आहे. हृदयरोग विभागातील यंत्रसामग्री आपणांकडे नाही. मात्र तीन बोटे, श्रवणनलिका, एक पेन आणि योग्य प्रश्न विचारण्याची सवय एवढी सामग्री प्रत्येक वैद्याजवळ आहे. येत्या तिमाहीत आपल्या दवाखान्यात येणाऱ्या, अँजिओग्राफी झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही नाड्या वर सांगितलेल्या रीतीने तपासून नोंदवाव्यात आणि तालुका शाखेच्या बैठकीत त्या नोंदी मांडाव्यात, असे आम्ही सर्व सभासदांस सुचवितो. काही हात तरी त्यामुळे वाचतील, असा आमचा विश्वास आहे.